टेबलावरचा पाऊस

आमच्या घरी पावसाची एक वही आहे. लांबट, कडक पुठ्ठ्याची, तांबड्या कापडाच्या कण्याची. बाबांच्या हयातीतल्या सहाशे एकोणसाठ दिवसांच्या ओळी त्यांच्या अक्षरात आहेत. त्यांतल्या चार ओळींवर 'नोंद नाही' असं लिहिलेलं आहे. उरलेल्या सहाशे पंचावन्न ओळींत आकडे आहेत आणि त्यांतला शेवटचा आकडा खोटा आहे. अक्षर बाबांचं आहे, खोटेपणा माझा आहे. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

आम्ही राहतो ती आयोवातली एक काउंटी. काउंटी म्हणजे आपला तालुका समजा, फक्त माणसं फार कमी आणि डुकरं फार जास्त. मक्यापासून इंधन काढणाऱ्या एका कारखान्यात मी येणाऱ्या ट्रकांतल्या मक्याची तपासणी करतो. दाण्यात ओल किती टक्के, फुटका दाणा किती, माती किती, हे मोजून लिहायचं. बायको काउंटीच्या दवाखान्यात लॅबमध्ये आहे. कारखाना काउंटीच्या उत्तर टोकाला, घर दक्षिण टोकाला. मध्ये अठरा मैल सरळ रस्ता आणि दोन्ही बाजूंना मका, नाहीतर सोयाबीन, नाहीतर काहीच नाही. वर्षातले सहा महिने काहीच नाही.

आई गेल्यावर बाबा आमच्याकडे आले. वर्धा जिल्ह्यात एका तहसील कचेरीत त्यांनी नोकरीची बहुतेक वर्षं काढली होती, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. त्यांना इथे पहिला हिवाळा सोसला नाही असं म्हणता येणार नाही. सोसला, पण काम नव्हतं. सकाळी उठून बुद्धवंदना म्हणायची, चहा घ्यायचा आणि खिडकीशी बसायचं. खिडकीतून दिसणारं शेत पांढरं असायचं आणि शेजाऱ्याचं कोठार तांबडं. एक दिवस म्हणाले, "इथे पाहायला दोनच रंग आहेत बे. दोन्ही पाहून झाले."

पूर्वेकडच्या कॅरी शहरात राहणारी माझी बहीण फोनवर मला म्हणायची, "यार दादा, त्यांना इकडे पाठव. इथे निदान चार मराठी घरं आहेत. तुमच्याकडे काय आहे, हवामान?"

ती टोमणा मारत होती, पण कल्पना मला त्यातूनच सुचली. इथे घरोघरी पाऊस मोजणारे लोक आहेत. रोज सकाळी सात वाजता माप घ्यायचं आणि आकडा एका संस्थेला कळवायचा. पगार नाही, सक्ती नाही. मी एक पर्जन्यमापक मागवला. जाड पारदर्शक प्लॅस्टिकचं बाहेरचं नळकांडं, आत बारीक नळी, वर नरसाळं. खोका उघडून बाबांनी तो दिव्याशी धरला, खुणा वाचल्या आणि पहिल्यांदा हसले. "आमचा पितळी होता," म्हणाले. "पण माणूस तोच लागतो."

कचेरीच्या आवारातला पर्जन्यमापक पावसाळाभर रोज सकाळी वाचायचं काम कित्येक वर्षं त्यांच्याकडे होतं. त्यावरून त्यांनी मला एक शब्द सांगितला होता. काही ठिकाणी शिपाई आवारात जायचा कंटाळा करी, कारकून खिडकीतून आभाळ पाही आणि आकडा ठोकून देई. त्याला कचेरीत 'टेबलावरचा पाऊस' म्हणत. बाबांना या शब्दाचा राग होता, कारण लोक तो हसत हसत वापरत. "त्या आकड्यावर गावाचं पीक ठरे," ते म्हणायचे. "नाही मोजला तर 'नोंद नाही' लिही. त्यात काय लाज? पण न मोजता आकडा लिहिणारा माणूस जेवत्या ताटात माती कालवतो."

मापकाची जागा त्यांनीच ठरवली. मी म्हणत होतो, मागच्या दाराच्या पायरीशी लावू, हिवाळ्यात सोपं पडेल. त्यांनी ऐकलं नाही. घराच्या उंचीच्या दुप्पट तरी अंतर हवं, नाहीतर वाऱ्यात छपराचा आडोसा होतो. मला टेपचं एक टोक धरायला लावून त्यांनी कुंपणाजवळ खांब रोवून घेतला. मागच्या दारापासून बत्तीस पावलं. त्यांची पावलं. माझी सत्तावीस होतात.

एप्रिलच्या पहिल्या तारखेला वही सुरू झाली. रकाने पाच: तारीख, इंच, मिलिमीटर, वेळ, शेरा. इंचाचे शंभर भाग करून मोजायचं. पंचवीस पूर्णांक चार दशांशाने गुणून मिलिमीटर ते हातानेच काढत. मी एकदा फोनवरचं कॅल्क्युलेटर पुढे केलं तर म्हणाले, "ते तुझ्या डुकरांना दे."

त्या वहीमुळे ही जागा मलाही पहिल्यांदा कळली. बारा वर्षं इथे राहून मी फक्त गरम आणि थंड एवढंच म्हणत होतो. मे महिन्यात एका दिवसात तीन इंच पाऊस झाला आणि खडीचा रस्ता शेतात वाहून गेला. तो आकडा लिहिताना बाबांनी दोनदा चष्मा पुसला. जुलैत मका डोक्याच्या वर गेला की त्याच्या पानांतून इतकी वाफ निघते की सकाळी सातलाही सदरा अंगाला चिकटतो. "ही आपल्याकडची हवा नाही, मुंबईची आहे," असा शेरा आहे. ऑगस्टात सलग सव्वीस दिवस थेंब नाही. सव्वीस वेळा ते बत्तीस पावलं गेले, नळी काढून डोळ्यांशी धरली आणि शून्य लिहिलं. मी म्हटलं, "बाबा, आभाळ कोरडं ठणठणीत आहे, कशाला जाता?" तर म्हणाले, "शून्य वाचायला जावंच लागतं. न जाता लिहिलेलं शून्य टेबलावरचं."

त्या 'नोंद नाही'च्या चार ओळी बहिणीच्या घरी कॅरीला गेलो तेव्हाच्या आहेत. परत आल्यावर शेजारी सांगायला आला की या चार दिवसांत काही पडलं नाही, बिनधास्त शून्यं लिहा. हा शेजारी सत्तरीचा शेतकरी, एकटाच राहतो, थोडी गुरं आहेत. त्याच्याकडेही मापक होता, आकडे तो स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचा. बाबांचं इंग्रजी कचेरीचं आणि त्याचं शेतातलं, पण दोघांचं जमलं होतं. पाऊस झाला की हा आपली गाडी फाटकाशी थांबवून काच खाली करायचा आणि विचारायचा, "किती?" बाबा आकडा सांगायचे. मग तो आपला सांगायचा. दोन आकड्यांत दोन-तीन शतांशांपलीकडे फरक नसे. झालं संभाषण. पण त्या चार शून्यांना बाबांनी नकार दिला. मला म्हणाले, "त्याला सांग, त्यानं पाहिलं असेल. मी नाही पाहिलं." मी सांगितलं. शेजारी बाबांकडे पाहून टोपीला हात लावून गेला.

हिवाळ्यात बारीक नळी घरात ठेवायची आणि नुसतं बाहेरचं नळकांडं खांबावर ठेवायचं. सकाळी बर्फासकट ते आत आणायचं, बर्फ वितळू द्यायचा आणि पाणी नळीत ओतून मोजायचं. हे बाबांना फार आवडलं. अडचण शेऱ्याची आली. इथल्या भाषेत आभाळातून पडणाऱ्या बर्फाला पाच-सहा नावं आहेत. आपल्याला एकच: बर्फ. फ्रीजमधला तोही बर्फ, हिमालयातला तोही बर्फ, गोळेवाल्याचा तोही बर्फ. बाबांना ते चालेना. "सगळ्याला बर्फ लिहिलं तर लिहिलं कशाला?"

त्या वर्षी आमची मुलगी युनिव्हर्सिटीत गेली होती. व्हिडिओ कॉलवर आजोबा आणि नात यांनी मिळून नावं पाडली. हलका, भुरभुरणारा, तो कापूस. टणटण उडणारे बारीक पांढरे दाणे, तो साबुदाणा.

"आबा, दॅट्स सो क्यूट. साबुदाणा फॉलिंग फ्रॉम द स्काय."

"क्यूट नाही. शेरा आहे. गारा वेगळ्या, साबुदाणा वेगळा. लिहून घे."

"अँड फ्रीझिंग रेन? पाऊस म्हणून पडतो, खाली लागला की आइस होतो."

"तो मी अजून पाहिला नाही. पाहीन तेव्हा नाव देईन."

तसा तो वहीच्या पहिल्या हिवाळ्यात दोनदा झाला होता. दोन्ही वेळा रविवार होता आणि मी घरी होतो. मीच दारापासून खांबापर्यंत मीठ टाकत गेलो आणि नळकांडं त्यांच्या हातात आणून दिलं. आकडा त्यांनी लिहिला, शेरा रिकामा ठेवला, कारण पाहिलं मी होतं. त्यामुळे त्या वस्तूला आमच्या घरात नाव नव्हतं. हे मी आता अनेकदा मांडून पाहिलं आहे. नाव असतं तर मी त्या सकाळी ते म्हणालो असतो का? तसंही मला म्हणता येत नाही.

जानेवारीची एकोणिसावी सकाळ. बायकोची पाळी सहाची, ती साडेपाचला गेली. मी पावणेसहाला निघालो. दोघंही निघालो तेव्हा हवा कोरडी होती, तापमान एकोणतीस, म्हणजे आपलं शून्याखाली दीड-दोन अंश. उत्तरेकडे जाताना वाटेत भुरभुर सुरू झाली. कारखान्याच्या दिव्यांखाली कापूस उतरत होता, बारीक, कोरडा.

जानेवारीत सातला बाहेर अंधार असतो. म्हणून बाबा बाहेर पडण्याआधी मला फोन करत. सहा चाळीसला फोन आला. माझ्यासमोर तीन ट्रक उभे होते आणि पहिल्यातल्या मक्यात ओल जास्त निघाली होती.

"काय पडते रे?"

"थोडा बर्फ आहे बाबा."

"अबे, बर्फ म्हणजे काय? कापूस का साबुदाणा?"

मी समोर पाहिलं. "कापूस. बारीक."

"मग ठीक. जोडे घालून जातो."

"हळू जा."

"हळूच जातो मी. तू तुझा मका पाहा."

संभाषण एवढंच. फोनमध्ये नंतर पाहिलं, एकोणतीस सेकंद. मी जे पाहिलं ते खरं सांगितलं, पण ते अठरा मैल उत्तरेचं होतं. पाऊस आणि बर्फ यांची सीमा त्या सकाळी आमच्या काउंटीच्या मधोमध गेली होती. घरी साडेसहापासून पाणी पडत होतं आणि पडल्या जागी गोठत होतं. गवताचं पातं न् पातं, पायऱ्या, कुंपण, सगळ्यावर काचेसारखा थर. फक्त दिवा लावून खिडकीतून पाहिलं तर ती जमीन ओली दिसते, एवढंच.

जाताना ते कसे पोचले कोण जाणे. कुंपण धरून गेले असतील. नळकांडं काढून परत येताना एकविसाव्या पावलावर पडले. ते मी नंतर मोजलं, खांबापासून.

शेजारी सात पन्नासला गुरांकडे चालला होता. चाकांना साखळ्या लावलेल्या गाडीतून त्याला आमच्या अंगणात काहीतरी दिसलं. बाबा डाव्या कुशीवर पडले होते, डोकं उघडं. त्याने ॲम्ब्युलन्स बोलावली, आपला कोट त्यांच्यावर घातला आणि शेजारी बर्फावर बसून राहिला. मला फोन त्यानेच केला. म्हणाला, "तुझे वडील बोलताहेत. पण हातातला तो नळा सोडत नाहीत. मी आडवा करून ठेवतो म्हटलं तर ओरडले माझ्यावर."

डावं खुब्याचं हाड मोडलं होतं. पंचाहत्तर मैलांवरच्या शहरात नेऊन दुपारी ऑपरेशन ठरलं. मी त्यांना तिथे दाखल करून, बायकोला त्यांच्यापाशी बसवून, त्यांचे कपडे, औषधांची यादी आणि कागद आणायला घरी आलो. तोवर रस्त्यांवर मीठ पडलं होतं आणि ऊन होतं. अंगणातली प्रत्येक गोष्ट चकाकत होती. इतकं सुंदर अंगण मी इथे कधी पाहिलं नव्हतं, आणि ते सुंदर आहे हे मला कळत होतं, याचीच मला घृणा आली.

स्वयंपाकघरात टेबलावर ते नळकांडं उभं होतं. शेजाऱ्याने आत आणून ठेवलं होतं. त्याच्या शेजारी बाबांची तपकिरी माकडटोपी, ओली. नळकांड्यातला बर्फ केव्हाच वितळला होता. तळाशी पाणी होतं.

नळी दोन हातांवर होती, खणात. नरसाळं तिच्याजवळ. पाणी ओतायला आणि वाचायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी दिवसभर दुसरं काहीच करत नाही, मोजतोच. मी नळकांडं उचललं, सिंकमध्ये उपडं केलं, साबण लावून धुतलं आणि भांड्यांच्या जाळीत पालथं घातलं. मग त्यांचे कपडे गोळा केले. मी रागावलो होतो म्हणावं तर तसंही आठवत नाही. हात ते करत होते. ते पाणी घरात राहायला नको होतं, एवढंच आठवतं.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी बाबा नीट शुद्धीवर आले. मला ओळखलं, बायकोला 'तू जेवली का' विचारलं. मग माझ्याकडे वळले.

"किती भरला?"

मला प्रश्न कळला. तरी मी विचारलं, "काय?"

"एकोणीस तारखेचा. मोजला ना?"

त्यांना वाटलं, मापात खोट आहे म्हणून मी गप्प आहे. ते मला समजावू लागले. आवाज बारीक झाला होता, मधून दम लागत होता.

"सातचंच माप आहे ते. मी पडलो तेव्हा वरून पाणी चालू होतं. ते आत गेलं असतं तर सातनंतरचा पाऊस त्यात मिसळला असता. म्हणून टोपी काढून झाकली वर. शेवटपर्यंत झाकलेली होती. त्या माणसाला विचार."

मला वाटलं होतं टोपी पडताना निसटली.

एकोणतीस अंशांत, गोठणाऱ्या पावसात, उघड्या डोक्याने जवळजवळ पाऊण तास.

"चौदा," मी म्हणालो. "पॉइंट चौदा."

का चौदा, मला माहीत नाही. जीभ उचलली आणि आलं. 'सांडलं बाबा' म्हणता आलं असतं. पण ते सांडलं नव्हतं. त्यांनी ते सांडू दिलं नव्हतं. 'मी ओतून दिलं' हे त्या खाटेपाशी म्हणायची माझी छाती झाली नाही.

"चौदा," ते म्हणाले. "मला जास्त वाटला होता." मग थोड्या वेळाने, "वाटण्याला काय अर्थ आहे. मोजलं ते खरं. वही आण."

दुसऱ्या दिवशी मी वही नेली. उशीवर टेकून, तीन-तीन अक्षरांनी थांबत त्यांनी ओळ लिहिली. इंच शून्य पूर्णांक चौदा. मिलिमीटर मनात गुणले, तीन पूर्णांक सहा. वेळ सात. शेऱ्याच्या रकान्यात त्यांनी बराच वेळ पेन टेकवून ठेवलं आणि लिहिलं: 'काच.' त्याखाली बारीक अक्षरात: 'पाणी पडून जागीच गोठते. चालणे अशक्य.'

लिहून झाल्यावर म्हणाले, "तू तर कापूस म्हणाला होतास."

"कारखान्यावर कापूस होता, बाबा."

"मग तुझ्या कारखान्याचा शेरा मला कशाला दिला? जिथलं माप, तिथला शेरा."

ते रागावले नव्हते. कचेरीत नव्या शिपायाला सांगतात तसं सांगितलं. मग वही माझ्याकडे दिली. "रोज सातला जात जा आता. मी येईतो."

मी रोज सातला गेलो. त्यांना काउंटीच्या गावातल्या शुश्रूषागृहात हलवलं होतं. मी रोजचा आकडा फोनवर सांगायचो आणि ओळ माझ्या हाताने लिहायचो. ते आकडे खरे आहेत. फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला त्यांनी वही मागवली आणि जानेवारीची बेरीज स्वतः केली: एक पूर्णांक शून्य सात. तिच्याखाली पट्टीने दोन रेघा ओढल्या. कचेरीत महिना बंद करतात तसा. त्या बेरजेतले चौदा शतांश माझे आहेत. बेरीज वर्षाच्या बेरजेत जाईल, वर्षाची सरासरीत जाईल. आकडा एकदा आत शिरला की बाहेर पडत नाही. मी हेच काम करतो, मला हे कुणी सांगायला नको.

त्यांचा पाय पुन्हा जमिनीला लागला नाही. आधी छातीत कफ, मग पाठीला जखम, मग पुन्हा कफ. मी रोज संध्याकाळी जायचो आणि रोज ठरवायचो, आज सांगेन. एकदा सुरुवातही केली. "बाबा, त्या एकोणीस तारखेचं..." ते म्हणाले, "नाव बरोबर दिलं ना? काच?" मी म्हणालो, "हो. बरोबर दिलं." मार्चच्या शेवटी त्यांना बोलता येईनासं झालं. मला आत कुठेतरी बरं वाटलं. हे इथे लिहायलाच हवं, नाहीतर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. मला बरं वाटलं.

एप्रिलमध्ये ते गेले. वही सुरू होऊन दोन वर्षं पुरी झाली होती. बाहेर धुकं होतं आणि शेतं नुसत्या चिखलाची. बहीण कॅरीहून आली, मुलगी आली, शिकागोकडची काही घरं पांढरे कपडे घालून आली. आम्ही सगळ्यांनी त्रिशरण आणि पंचशील म्हटलं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. ते मीही म्हटलं, सगळ्यांबरोबर, आवाज न चोरता. मागे उभा राहून शेजारी टोपी हातात धरून ऐकत होता. त्याला अर्थ कळत नव्हता.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलीने आबांची वही पहिल्या ओळीपासून लॅपटॉपवर चढवायला घेतली. शेजाऱ्याची जुनी कॅलेंडरंही मागून आणली, दोन मापं शेजारी शेजारी मांडायला. चार दिवस जेवणाच्या टेबलावर तिचा पसारा होता. मी येता-जाता पाहत होतो. पाचव्या दिवशी तिने हाक मारली.

"बाबा, हे बघा ना. ऑल्मोस्ट दोन वर्षं दोघांचं मॅच होतं. दोन-तीन हंड्रेड्थ्स इकडे-तिकडे. फक्त एक दिवस ऑफ आहे. आबांचं पॉइंट वन फोर, त्यांचं पॉइंट थ्री वन. तोच दिवस."

मी टेबलापाशी गेलो.

"आबांच्या तीनचा एक तर नाही ना झाला?" तिने वही माझ्याकडे फिरवली. "नाही, सुपर क्लिअर आहे. मिलिमीटर पण टॅली होतात."

"अक्षर त्यांचंच आहे," मी म्हणालो.

"आय नो. मग आबाच बरोबर. त्या दिवशी एवढ्या आइसवर शेजारचे काका कशाला बाहेर गेले असतील मोजायला? खिडकीतून बघून लिहिलं असणार." ती थोडं हसली. "आबा काय म्हणायचे त्याला? टेबलावरचा पाऊस."

तो माणूस त्या सकाळी कुठे होता, कुणाच्या अंगणात, कुणाशेजारी बर्फावर बसला होता, हे तिला माहीत होतं. तरी तिने तसं म्हटलं, कारण आबांचा आकडा चुकू शकतो हे तिच्या मनात येऊच शकत नव्हतं. आत्ता बोलायचं, हे मला स्पष्ट कळलं. ती वाट पाहत नव्हती, पण मध्ये जागा होती. चार-पाच सेकंद होती. मग तिने शेजाऱ्याच्या आकड्याच्या चौकटीत लाल रंग भरला आणि पुढच्या ओळीवर गेली.

कॅलेंडरं परत द्यायला ती गेली तेव्हा मीही गेलो. तिने त्याला ती तारीख दाखवली, मोकळेपणाने, हसत. त्याने चष्मा लावून आपलाच आकडा वाचला. त्याला आठवत होतं. म्हणाला, "ॲम्ब्युलन्स गेल्यावर घरी येऊन मोजलं होतं मी. उशीर झाला होता, नऊ वाजले असतील." मग विचारलं, "तुझ्या आजोबांनी काय लिहिलं होतं?"

"पॉइंट वन फोर."

त्याने मान हलवली. खिशातून पेन्सिल काढली, एकतीसवर आडवी रेघ मारली आणि शेजारी चौदा लिहिलं. "त्याने झाकून ठेवला होता," तो मला म्हणाला. "मी पाहिलंय. त्याचंच बरोबर."

मी त्याच्या दारात उभा होतो. आभार मानले आणि मुलीबरोबर घरी आलो.

बाबांचा खरा आकडा काय होता, हे आता कुठेच नाही. त्याच्या सगळ्यांत जवळचा आकडा शेजाऱ्याच्या कॅलेंडरवर होता. तोही आता खोडलेला आहे.